खुर्ची थंड होईपर्यंत

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. आई जेवायला हाका मारतेय, मारू दे. आधी हे टाइप करते, शुद्धलेखन वगैरे नंतर बघू.

झालं काय, सकाळी कॅमेऱ्याच्या अ‍ॅपचा मेसेज आला. 'बाल्कनी आतली' हा कॅमेरा बरेच दिवस बंद आहे, यादीतून काढून टाकायचा का? खाली दोन बटणं. हो आणि नाही. तेव्हापासून फोन पालथा घालून ठेवलाय. दिवसभर दुकानात लोकांना कॅमेरे दाखवले, बडबड केली, एक रील पण शूट केलं, आणि मधेच कधी फोन सरळ केला की ती दोन बटणं तिथेच.

तो कॅमेरा पाटकर मॅडमचा, टिटवाळ्याच्या घरचा. आणि पाटकर मॅडम कोण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला आज झोप येणार नाही.

मी ठाण्यात एका सीसीटीव्हीच्या दुकानात कामाला आहे. तलावपाळीच्या मागच्या गल्लीत. पुढे काउंटर, मागे गोडाऊन, आणि मी दुकानाच्या पेजसाठी व्हिडिओ बनवते. म्हणजे 'रात्रीसुद्धा दिवसासारखं दिसणार' टाइप. नवीन लागले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमचे मालक नितीनशेठ म्हणाले, पाटकर मॅडमकडे जा, त्या सगळे कॅमेरे टेस्ट करतात, त्या सांगतील कुठला कसा. आणि जे विचारायचं ते संध्याकाळच्या आत विचार. मी विचारलं का, तर म्हणाले, "सूर्यफूल आहे ते. सूर्य गेला की मान टाकतं."

सगळं दुकान त्यांना मागून सूर्यफूल म्हणायचं. ऊन कलायला लागलं की मॅडम उठायच्या. समोर गिऱ्हाईक असो, नितीनशेठचा फोन चालू असो, चहा अर्धा असो. सॅक पाठीवर, चप्पल पायात, निघाल्या. थंडीत तर अजून लवकर. नितीनशेठ कुरकुरायचे, पण त्यांना काढून टाकायची हिंमत नव्हती कोणाची, कारण त्यांनी पास केलेला कॅमेरा कधी परत यायचा नाही.

पन्नाशीच्या पुढच्या. एकट्या, लग्न केलेलं नाही. कॉटनचा पंजाबी ड्रेस, जाड चष्मा, केस कायम करकचून बांधलेले. चालताना उजव्या हाताची पालथी बोटं भिंतीला लागून जायची, जशी शाळेतली मुलं पट्टी फिरवत जातात तशी. टेबलावरची कात्री, टेप, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांची जागा ठरलेली. एक कात्री इकडची तिकडे झाली तर शांतपणे म्हणायच्या, "कात्री घरी नाही आलेली." मग ज्याने हलवली असेल तो निमूट आणून ठेवायचा. गिऱ्हाइकांना त्या शिष्ट वाटायच्या. माणूस शेकहँडला हात पुढे करायचा आणि मॅडम त्याच्या तोंडाकडे बघत बोलत राहायच्या, हात तसाच हवेत. मलाही पहिल्या दिवशी वाटलेलं, काय अ‍ॅटिट्यूड आहे यार.

गोडाऊनमध्ये जिन्याखाली एक खोली होती, खिडकी नाही. दार लावलं, खाली फटीला गोणपाट सारलं की भर दुपारी मिट्ट. मॅडम त्या खोलीला अमावस्या म्हणायच्या. "चल गं बडबडे, अमावस्येत जाऊ." हे माझं नाव. खरं नाव ऋतुजा, पण ते त्यांनी एकदाच घेतलं, पुढे येईल.

अमावस्येत एका बाजूला दोरीवर रंगीबेरंगी शर्ट टांगलेले. खाली स्टीलचा तांब्या, केस गेलेली एक बाहुली, जुनी नंबरप्लेट, मनीप्लांटची कुंडी. समोर चार कॅमेरे एका फळीवर, सगळे त्याच पसाऱ्याकडे बघणारे. आणि बाहेरच्या टेबलावर टीव्ही, त्यावर चार चौकोन. मॅडम म्हणायच्या, बघ, खोली एक, अंधार चार.

पहिला चौकोन इन्फ्रारेडवाला. हा स्वतःचाच एक न दिसणारा प्रकाश टाकतो आणि सगळं काळंपांढरं दाखवतो. त्याला त्या सरकारी नोकर म्हणायच्या. काम चोख, पण रंग विचारू नका. मनीप्लांट त्याच्यात बर्फ पडल्यासारखा पांढराफेक दिसायचा. आणि त्याच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, कोळी नेमका काचेसमोर जाळं विणतो, आणि मग गिऱ्हाईक घाबरून फोन करतं की पडद्यावर भूत नाचतंय.

दुसरा रंगीत दाखवणारा, पण त्यासाठी पांढरा दिवा लावणारा. तो लाऊडस्पीकरवाला शेजारी. त्याला दिसतं खरं, पण सगळ्या गल्लीला तो दिसतो.

तिसरा स्टारलाइट. लांबच्या खांबाचा, चंद्राचा, असेल तेवढा उजेड गोळा करतो आणि त्यातून रंग काढतो. हा मॅडमचा लाडका. अभ्यासू पण भित्रं पोर, म्हणायच्या. थोडा उजेड द्या, पहिला नंबर काढेल. पूर्ण अंधारात रडेल. आणि उजेड गोळा करायला त्याला वेळ लागतो, म्हणून हलणारा माणूस त्याच्यात धुरासारखा दिसतो. "चालणाऱ्याचा भरवसा ह्याच्यावर ठेवायचा नाही," हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

चौथा थर्मल. त्याला उजेड लागतच नाही, तो ऊब बघतो. त्याच्यात बाहुली नाही, शर्ट नाहीत, नंबरप्लेट नाही, नुसता राखाडी चिखल. पण तुम्ही आत पाऊल टाकलं की एकदम पांढरी आकृती. आमचा डेमो पीस होता, चित्राचा एक कोपरा मेलेला, म्हणून विकला जात नव्हता. मी म्हटलं, मॅडम हा काय कामाचा, ह्याच्यात चेहरा पण दिसत नाही. त्यांनी टीव्हीवरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "चेहरा कशाला हवा नेहमी? कोणीतरी आहे एवढं कळलं तरी पुष्कळ असतं गं."

तेव्हा मला ते कॅमेऱ्याबद्दलच वाटलेलं.

गिऱ्हाईक आलं की त्यांचा एकच प्रश्न. तुम्हाला काय बघायचंय? गिऱ्हाईक म्हणणार, सगळं. मग त्या म्हणायच्या, सगळं फक्त बॉक्सवरच्या फोटोत दिसतं, घरी जाऊन ठरवून या. नितीनशेठ कपाळाला हात लावायचे. पण लोक परत यायचे, आणि ठरवून यायचे.

आता डोंबिवलीचा किस्सा. हा सांगितलाच पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

डोंबिवली ईस्टला एक सोसायटी, कॅमेरे आमच्याकडचे. तिथल्या सेक्रेटरींची अडेनियमची कुंडी चोरीला गेली. पोराबाळासारखी वाढवलेली, म्हणे. फुटेज बघितलं तर पांढऱ्या शर्टातला एक माणूस कुंडी उचलून जिन्याकडे जातोय, डोक्यावर टोपी, चेहरा नाही. त्या बिल्डिंगमध्ये कायम पांढरा शर्ट घालणारे एकच, दुसऱ्या मजल्यावरचे दामले आजोबा. कोणी तोंडावर काही बोललं नाही. नुसतं बोलणं बंद केलं. आजोबा खाली बाकावर बसले की बाकीचे उठायचे. मग आजोबांनी खाली यायचंच सोडलं.

सेक्रेटरींनी दुकानात फोन केला, चेहरा मोठा करून द्या. मॅडमनी फुटेज बघितलं आणि म्हणाल्या मी येते, दुपारी येते. सेक्रेटरी म्हणाले अहो रात्रीचा कॅमेरा आहे, अंधार पडल्यावर या. मॅडम म्हणाल्या, "अंधार मी बरोबर घेऊन येते."

मी पण गेलेले, व्हिडिओ काढायला. मॅडमच्या सॅकमध्ये अमावस्येतले शर्ट आणि एक इन्फ्रारेड कॅमेरा. मीटर रूमचं दार लावून घेतलं, कमिटीची माणसं दाटीवाटीने आत, मी मोबाइलवर चित्र धरून उभी. मॅडमनी काळा टीशर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. मोबाइलवर पांढरा. गडद निळा शर्ट धरला. तोही पांढरा. मग त्यांनी सेक्रेटरींना जरा पुढे यायला सांगितलं. सेक्रेटरी काळा कुर्ता घालून आलेले. पडद्यावर अगदी दुधासारखे पांढरे.

मॅडम म्हणाल्या, "ह्या हिशेबाने कुंडी तुम्हीच नेलीत."

आत एक काकू फस्सकन हसल्या आणि मग सगळेच. मॅडमनी समजावलं की हा कॅमेरा रंग बघतच नाही, कापड त्याचा प्रकाश किती परत फेकतं तेवढंच बघतो, आणि काळ्या रंगाची बरीच कापडं तो भरपूर परत फेकतात. चोर काळ्यातला असेल, निळ्यातला असेल. पांढरा म्हणून कोणाला धरता येणार नाही. चोर शेवटपर्यंत सापडला नाही, ते जाऊ दे. सेक्रेटरी स्वतः वर जाऊन दामले आजोबांना खाली घेऊन आले, आणि अगदी पडलेल्या आवाजात सॉरी म्हणाले.

मग आजोबांनी आम्हाला सोडलंच नाही. चहा प्यायलाच पाहिजे म्हणून घरी नेलं. घरात ते एकटेच. चहा झाला, चिवडा झाला, पोस्टातल्या नोकरीच्या गोष्टी झाल्या. किती दिवस कोणाशी बोलले नव्हते, सगळं बाहेर येत होतं. खिडकीतलं ऊन पिवळं झालं, मग केशरी. मी मॅडमकडे बघत होते, की आता सूर्यफूल उठणार. त्या खिडकीकडे बघायच्या, आजोबांकडे बघायच्या, आणि म्हणायच्या, मग पुढे?

आम्ही उतरलो तेव्हा दिवे लागलेले. मी माझी स्कूटर काढून गेटशी आले, तर मॅडम जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच उभ्या. समोर लख्ख रस्ता, रिक्षा, भाजीवाले, वडापावची गाडी, आणि त्या पुतळ्यासारख्या. मी हाक मारली. त्यांनी हात पुढे केला, माझ्या दिशेला नाही, भलतीकडेच.

"माझा हात धर," त्या म्हणाल्या. "धर म्हणजे धरूनच ठेव."

त्यांना संध्याकाळनंतर दिसत नव्हतं. लहानपणापासून. डॉक्टर लांबलचक नाव सांगतात, त्यांच्या गावी सरळ रातांधळी म्हणायचे. दिवसासुद्धा समोरचं दिसायचं पण बाजूचं नाही, नळीतून बघितल्यासारखं. म्हणून ते शेकहँड हवेत राहायचे. म्हणून कात्री घरी लागायची. आणि ती नळी दर वर्षी जरा जरा बारीक होत होती, औषध नाही. दुकानात कोणाला माहीत नव्हतं. रात्री न दिसणारी बाई रात्रीचे कॅमेरे पास करते म्हटल्यावर गिऱ्हाइकं काय म्हणतील, हे त्यांचं म्हणणं. मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून टिटवाळ्याला सोडलं. मी राहते विठ्ठलवाडीला, म्हणजे उलटी वारी, पण असू दे. मागे बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरलेला आणि सारखं विचारत होत्या, आता काय आलं, आता काय दिसतंय? मी पत्रीपुलापासून सुरू केलं. हा टेम्पो, ही लग्नाची लायटिंग, ही शहाडच्या पुलावर बंद पडलेली बस आणि तिचा ड्रायव्हर कानाला फोन लावून भांडतोय. जन्मात पहिल्यांदा कोणी मला अजून बोल म्हणत होतं. आंबिवलीच्या पुढे अंधार झाला आणि मी गप्प झाले, तर म्हणाल्या, "आता का थांबलीस? अंधार कसा आहे ते सांग."

वाटेत त्यांनी त्यांच्या भावाचं सांगितलं. अनंता, धाकटा, संगमेश्वरजवळ गावी राहतो. तो किती वर्षं मागे लागलेला, ताई ये आमच्याकडे. मॅडमनी त्याला शब्द दिलेला की ज्या दिवशी माझं मला जमणार नाही, पडेन, लागेल, त्या दिवशी मी मुकाट येईन. तोपर्यंत विचारायचं नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेलं टिटवाळ्याचं घर. दाराला स्वतःच्या नावाची पाटी. बास, तेवढंच त्यांना राखायचं होतं. संध्याकाळी घरात अडकून बसायला लागलं तरी चालेल, पण आपल्या घरात.

घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनीसमोर एक कच्ची गल्ली, गल्लीच्या टोकाला वाण्याचं दुकान, पलीकडे नव्या बिल्डिंगांचे सांगाडे. आणि बाल्कनीत, मी बघतच राहिले, चार कॅमेरे. सरकारी नोकर, लाऊडस्पीकर, भित्रं पोर आणि तो मेलेल्या कोपऱ्याचा थर्मल, जो नितीनशेठनी भंगारात काढलेला तो त्यांनी मागून आणलेला. आत टीव्हीवर चार चौकोन; समोरचा उजेडाचा पडदा त्यांना दिसायचा, त्याच्या बाहेरचा अंधार नाही. बाकीच्यांच्या घरी टीव्हीवर सिरियल, ह्यांच्या घरी गल्ली.

"ही माझी संध्याकाळ," मॅडम म्हणाल्या.

मग मी अधूनमधून जायला लागले, सुट्टीच्या दिवशी, आईने दिलेलं काहीतरी घेऊन. दोघी टीव्हीसमोर बसायचो. त्यांना गल्लीतले सगळे माहीत होते आणि गल्लीतल्या कोणालाही त्या माहीत नव्हत्या. ही पिवळ्या ओढणीची क्लासवरून येते. हा माणूस रोज बायकोशी फोनवर बोलत चालतो, घराजवळ आला की फोन ठेवतो आणि जरा वेळ तसाच उभा राहतो. समोरची बाई दिवा न लावता बाल्कनीत बसते, ती बाकी तिघांना दिसतच नाही, फक्त थर्मलला दिसते. कधीकधी मॅडम आणि ती बाई, दोघी समोरासमोर अंधारात बसलेल्या असायच्या. तिला ते कधी कळलं नाही.

आणि एक दिवस मॅडमच्या डोक्यात आलं की हे चार जण मला घरात बसून गल्ली दाखवतात, तर ह्यातला एक गळ्यात घालून मी त्याच गल्लीत का चालू नये? वाण्यापर्यंत. बास, वाण्यापर्यंत. संध्याकाळी आपलं आपण जाऊन आपली साखर आणायची. आयुष्यात कधी केलं नव्हतं त्यांनी ते.

मला काय, मी लगेच तयार. बॅटरीवर चालणारे छोटे कॅमेरे घेतले, पट्टा शिवून गळ्यात, चित्र हातातल्या फोनवर. मॅडम म्हणाल्या, मंगळसूत्र नाही तर नाही, हे घातलं. पहिल्यांदा थर्मल. त्यात कुत्री दिसली, माणसं दिसली, पण खड्डा काही दिसेना, कारण खड्डा आणि रस्ता सारखेच गार. मग पांढऱ्या दिव्याचा. दिसलं मस्त, पण गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली आणि पोरं मागे आली, काकू शूटिंग आहे का विचारत. मॅडम दारातूनच परत फिरल्या. मग इन्फ्रारेड. हा खरा कामाचा होता. रंग नाही, आणि उजेड भिंगाशेजारूनच जातो म्हणून सावल्या पडत नाहीत, खड्डे जरा सपाट वाटायचे, पण काठी टेकत टेकत जमत होतं. मी मागे होते, आणि त्या वाण्यापर्यंत जाऊन आल्या. वाण्याने साखर दिली, हे काय घातलंय म्हणून विचारलं पण नाही. आल्यावर त्या किती वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या.

मी म्हटलं झालं, जिंकलो, सरकारी नोकर पास. त्यांनी मान डोलावली. पण मग म्हणाल्या, त्यात सगळं मेल्यासारखं दिसतं गं. वाण्याच्या दुकानाबाहेर लाल फुगे लावलेत ना? मी म्हटलं हो. म्हणाल्या, ते मला राखेसारखे दिसले.

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच गेल्या. स्टारलाइट गळ्यात घालून.

ज्यांनी सगळ्या ठाण्याला सांगितलं की चालणाऱ्याने ह्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, त्यांनी. मला नंतर म्हणाल्या, गिऱ्हाइकाला विचारते ना मी काय बघायचंय म्हणून, तसं मला पण मी विचारलं. मला रंग बघायचे होते.

त्यांनी त्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्या फोनवर पण जोडून दिलेलं. मी घरी विठ्ठलवाडीला, कुकर लावत होते, आणि फोन ओट्यावर ठेवून बघत होते. खरंच सुंदर होतं. गल्ली निळसर, कोणाची तरी मेंदी रंगाची साडी वाळत, लांबून फुगे येताना दिसतायत, लाल, खरंच लाल. आणि मग पडद्याच्या एका बाजूने धुरासारखं काहीतरी सरकलं. सायकल होती. बिनदिव्याची. मला कळायच्या आत चित्र गरगरलं आणि सगळं काळं.

मी फोन लावला. लागला, उचलला. पहिलं वाक्य अगदी शांत होतं. "मनगट गेलं बहुतेक."

मी निघालेच म्हणाले, किल्ली शोधत होते, काहीतरी ओरडत होते. तर त्या म्हणाल्या, "ऋतुजा, आधी पडदा बघ."

त्या पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात पडलेल्या आणि कॅमेरा छातीवर उताणा. आता हलत नव्हता, म्हणून चित्र हळूहळू स्थिर होत गेलं. काळ्यावर ठिपके. मी म्हटलं मॅडम तो नॉइज असेल, अंधारात कॅमेरा असे दाणे दाखवतो, तुम्हीच शिकवलंत. त्या म्हणाल्या, नॉइज नाचतो. हे बघ, हे जागचे हलत नाहीयेत.

तारे होते. त्यांनी जन्मात पाहिलेले नव्हते. लहानपणी गावी अंगणात सगळी भावंडं बोट दाखवायची आणि ह्या पण बोट दाखवायच्या, कुठेही. वाणी आणि तो सायकलवाला येऊन उचलेपर्यंत फोन चालूच होता. मी इकडे ओट्याशी, कुकर शिट्ट्या मारतोय, आणि त्या तिकडे चरात, दोघी तेच बघत.

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर. मी म्हटलं भावाला सांगू नका, मी येत जाईन, आई येईल. त्यांनी रात्रीच स्वतः फोन लावला. शब्द दिलाय म्हणाल्या. आणि खरं सांगू, नळी पण फार बारीक झालेली. टीव्हीवरचे चार चौकोन त्यांना एकत्र दिसेनासे झालेले, एकेक शोधावा लागायचा. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं, आधी नाही.

भाऊ यायला आठवडा होता. तेवढ्या वेळात त्यांनी मला थर्मल फिरवायला लावला. गल्लीकडे बघत होता तो, त्याचं तोंड आत, बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे. माझ्या अ‍ॅपमध्ये नाव घातलं, 'बाल्कनी आतली'. म्हणाल्या, "तू काही रोज येऊ नकोस इतक्या लांब. संध्याकाळी मी इथे बसते. उघडून बघत जा. चेहरा दिसणार नाही, पण मी आहे एवढं कळेल."

मी रोज बघायचे. दुकानातून निघताना, जेवताना. राखाडी बाल्कनी आणि मधे पांढरी आकृती, चष्म्याच्या जागी दोन काळे गोल, कारण काच त्या कॅमेऱ्याला गार दिसते. प्लॅस्टरचा हात बाकीच्यापेक्षा काळपट. कधी ती आकृती चांगला हात जरासा वर करायची. मी बघतेय की नाही हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. अंदाजाने करायच्या.

अनंतमामा आले. भला माणूस, मी त्यांना भेटले जायच्या आदल्या दिवशी, पॅकिंगला गेलेले तेव्हा. मला म्हणाले, ताईची काळजी करू नकोस पोरी, तिच्यासाठी अंगणात मोठा हॅलोजन लावलाय, दिवसासारखं दिसेल. मॅडम त्यांच्यासमोर हसल्या. ते आत गेल्यावर मला म्हणाल्या, मोठ्या दिव्याने मला फक्त दिवा दिसतो. पण त्याला नको सांगू, हौसेने लावलाय.

बाकीचे तिन्ही कॅमेरे मी उतरवून पिशवीत भरले. थर्मल राहू दे म्हणाल्या, उद्या निघताना मेन स्विच बंद करूच. दाराची पाटी त्यांनी स्वतः एका हाताने काढली, स्क्रू ड्रायव्हर मागितला नाही, त्याच्या जागेवरून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांची रात्रीची बस होती. दुकानात नितीनशेठ एका गिऱ्हाइकाला काहीतरी पटवत होते. मी गोडाऊनमध्ये गेले, अमावस्येच्या दारात बसले आणि अ‍ॅप उघडलं. दिवेलागणीची वेळ होती.

त्या खुर्चीत बसलेल्या. दोन काळे गोल. मांडीवर काळपट हात. किती तरी वेळ तशाच. मग आतून दुसरी पांढरी आकृती आली, जरा वाकली, हात पुढे केला. त्यांनी तो बरोबर धरला, ह्या वेळी चुकला नाही. उठल्या. दारापर्यंत गेल्या. तिथे चांगला हात वर केला, कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूलाच, आणि मग दार.

खुर्ची राहिली. पण थर्मलमध्ये रिकामी खुर्ची लगेच रिकामी होत नाही. त्या बसलेल्या तेवढ्या जागेवर पांढरं होतं, पाठीचं, मांड्यांचं, जिथे हात टेकलेला तिथलं पण. माणूस नाही आणि त्याची ऊब बसलेली. मी बघत होते. हात टेकलेलं आधी गेलं. मग मांड्यांचं राखाडी व्हायला लागलं, कडांकडून आत. पाठीचा एक ठिपका बराच वेळ राहिला. तो पूर्ण गेला की नाही मला माहीत नाही, कारण त्याच्या आधी कोणीतरी मेन स्विच बंद केला.

नितीनशेठ मागे येऊन उभे होते. म्हणाले, काय गं, सूर्यफूल गेलं का? आणि मग टेबलाशी जाऊन त्यांनी कात्री उचलून तिच्या जागेवर ठेवली. दुसरीकडे पडलेली ती.

मॅडमशी फोनवर बोलणं होतं, दुपारी. बऱ्या आहेत. संध्याकाळी त्या फोन घेत नाहीत.

तर ती दोन बटणं अजून तिथेच आहेत. मला माहितीये तो कॅमेरा आता काही दाखवणार नाही, त्याच्या मागे वीज नाही, समोर खुर्ची पण नाही, ती वाण्याला दिली. तरी 'हो' दाबवत नाहीये. आई आता चौथ्यांदा हाक मारतेय, जाते मी. पण तुम्ही सांगा ना मला. तुमच्या फोनमध्ये आहे का असं काही, एखादा नंबर, एखादं नाव, जे कधीच बंद पडलंय आणि तुम्ही संध्याकाळी तरीपण एकदा उघडून बघता? का मीच एकटी आहे अशी?